ट्रॉलीचे टायर बदलताना

(पाम येथे जमलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याशी बियाणे, खत किंवा कीड यांपैकी कशावरही बोलणार नाही. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉलीच्या टायरबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु भाताची पोती, पेंढा, गवताच्या गाठी, शेणखत, विटा, नारळ, भाजीपाला हे सगळे ज्या चार किंवा दोन चाकांवर जाते, त्यांच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते.

ट्रॅक्टरचा टायर झिजला की आपण लगेच चौकशी करतो, कारण नांगर ओढताना चाक घसरते आणि डिझेल जास्त जाते. ट्रॉलीला मात्र इंजिन नाही, ती नुसती मागून येते. म्हणून ट्रकचा उतरवलेला जुना टायर, कोणाकडे पडून असलेला टायर, जो स्वस्त मिळेल तो तिला बसवला जातो. खरे पाहता सगळ्यात जास्त वजन तिच्याच चाकांवर असते आणि बऱ्याच ट्रॉल्यांना चांगले ब्रेकही नसतात.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. २०२१ सालच्या दिवाळीनंतर एक शेतकरी भाताची पोती घेऊन बोईसरच्या बाजूला निघाले होते. पोत्यांवर त्यांची दोन मुले बसली होती. रस्ता सरळ होता, वेगही फार नव्हता. डाव्या बाजूचा टायर एकाएकी फुटला, ट्रॉली कलली आणि मुले पोत्यांसह शेतात पडली. शेतात ओल होती म्हणून मोठ्या मुलाचा हात मोडण्यावर भागले. नंतर मी तो टायर हात लावून पाहिला. नक्षी भरपूर शिल्लक होती. ते म्हणाले, "साहेब, टायर तर नव्यासारखा होता." बाजूवरचे आकडे वाचले तेव्हा तो ९ वर्षांचा निघाला, आणि त्याची ताकद होती त्या वजनापेक्षा बरीच कमी. नक्षी पाहून घेतलेला टायर असा फसवतो.

म्हणून आजचे माझे सांगणे एकच आहे. टायर दुकानातल्या भावावर किंवा नक्षीवर ठरवू नका. आधी ट्रॉलीचे वजन ठरवा आणि त्यावरून टायर ठरवा.

आधी वजन काढा

ट्रॉली रिकामी असताना एकदा वजनकाट्यावर न्या आणि नेहमीचा माल भरून पुन्हा एकदा न्या. पाम, कुंभवली, सालवड, कोलवडे ही गावे तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहेत, त्यामुळे वजनकाटा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. दोन्ही पावत्या घरी जपून ठेवा.

काटा जवळ नसेल तर अंदाज असा करा. साध्या भाजलेल्या विटेचे वजन सुमारे ३ किलो असते, म्हणजे १ हजार विटा ३ टन होतात. एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट. तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते आणि रेती ओली असेल तर त्याहून जास्त. गवताच्या गाठी हलक्या असतात, पण त्यांची रास उंच जाते. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकावर एकाएकी जास्त भार येतो.

आता हिशेब पाहू. समजा रिकामी ट्रॉली १,२०० किलो आणि माल ३,००० किलो, म्हणजे एकूण ४,२०० किलो.

चार चाकी ट्रॉली असेल तर प्रत्येक चाकावर १,०५० किलो येतात. पण माल कधीच सगळीकडे सारखा बसत नाही आणि खड्ड्यात भार एका चाकावर जातो. म्हणून पाचवा हिस्सा वाढवून १,२६० किलो धरा.

दोन चाकी ट्रॉलीत थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो. समजा तो ६०० किलो आहे. उरलेले ३,६०० किलो दोन चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर १,८०० किलो. पाचवा हिस्सा वाढवला की २,१६० किलो झाले. माल तोच, पण दोन चाकी ट्रॉलीला किती दणकट टायर लागतो हे यावरून ध्यानात येईल. शेजाऱ्याच्या चार चाकी ट्रॉलीला चालणारा टायर आपल्या दोन चाकीला चालेलच असे नाही.

टायरवरचे आकडे कसे वाचावे

टायरच्या बाजूवर ७.५०-१६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. त्यापुढे १६ पी.आर. असे असू शकते. हे दोन सोळा वेगवेगळे आहेत. पहिला सोळा रिमचा, दुसरा ताकदीचा. याच मापात कमी पी.आर. चाही टायर मिळतो. तो रिमवर नीट बसतो, दिसतो सारखाच, पण तेवढे वजन पेलत नाही. दुकानात नुसते "साडेसात-सोळा द्या" म्हणू नका, पी.आर. सुद्धा सांगा.

पी.आर. म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरमध्ये सुती धाग्याचे थर असत व ते मोजून ताकद सांगत. आता नायलॉनचे धागे बळकट असल्यामुळे थर कमी लागतात, पण मोजण्याची पद्धत तीच राहिली. म्हणून १६ पी.आर. च्या टायरमध्ये १६ थर सापडणार नाहीत. त्यात फसवणूक नाही.

बऱ्याच टायरांवर भार-क्रमांकही असतो. क्रमांक ११७ म्हणजे एका टायरवर १,२८५ किलो, १२२ म्हणजे १,५०० किलो, १३० म्हणजे १,९०० किलो आणि १३५ म्हणजे २,१८० किलो. वरच्या हिशेबातील चार चाकी ट्रॉलीला ११७ किंवा त्याहून वरचा, तर दोन चाकीला १३५ किंवा त्याहून वरचा क्रमांक हवा. काही टायरांवर १२२/११८ असे दोन क्रमांक असतात. पहिला एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. आपल्या ट्रॉलीला बाजूला एकेकच चाक असेल तर पहिला पाहावा. क्रमांकानंतरचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. 'ए ८' म्हणजे ताशी ४० किलोमीटर. शेतीच्या टायरची ताकद त्या वेगापर्यंतची असते, हे चालवणाऱ्यालाही सांगून ठेवा.

चौथी खूण टायरच्या वयाची. कारखान्याच्या खुणांच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. रबर वापरले नाही तरी ऊन आणि हवेने कडक होते व त्याला बारीक चिरा पडतात. नवा म्हणून विकला जाणारा टायरही गोदामात किती दिवस पडून होता, ते या आकड्यांवरून कळते.

जुना आणि रिमोल्ड टायर

सगळ्यांनाच एकदम नवे टायर परवडत नाहीत, हे मला माहीत आहे. जुना टायर घ्यायचाच असेल तर रिमवरून उतरवलेला घ्या आणि आतून पाहा. धागे उघडे दिसत असतील, आत गेटर लावलेला असेल, बाजूला फुगा असेल किंवा काठाची तार दिसत असेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. बाजू दोन्ही हातांनी वाकवून पाहा. खोल चिरा उघडल्या तर तो टायर बाद समजावा.

रिमोल्ड टायरचे वरचे रबर नवे असते, आतला सांगाडा जुनाच असतो. सांगाडा चांगला असेल तर चार चाकी ट्रॉलीला हलक्या कामासाठी तो चालू शकतो. दोन चाकी ट्रॉलीवर जड माल असेल तर मात्र तो वापरू नये, कारण तेथे एक टायर गेला की ट्रॉलीला सावरायला दुसरे चाक नसते.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, धाऱ्या असलेला टायर ट्रॉलीला लावू नका. तो वळण घेण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याची वजन पेलण्याची ताकद कमी असते. एका धुरीवर एक नायलॉन व एक रेडियल, किंवा एक नवा व एक अगदी झिजलेला अशी जोडी लावू नये. एकच टायर घेण्याइतके पैसे असतील तर निदान माप, जात आणि उंची जुळेल असा घ्यावा. मोठा टायर लावला म्हणजे जास्त माल भरता येतो, हाही गैरसमज आहे. धुरी, पाटे, रिम आणि बेअरिंग तेवढीच राहतात.

नक्षीची खोली मोटार वाहन नियमांप्रमाणे १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. पावसात चिखलाच्या रस्त्यावर चालायचे असेल तर तेवढ्यावर थांबू नये, आधीच बदलावा.

बसवताना घ्यायची काळजी

नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते. ती आत दुमडते आणि घडीवर फाटते. रिम गंजली असेल तर घासून रंगवून घ्या. नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी या किनाऱ्याकडच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने रिम लवकर गंजते आणि गंजाचे पापुद्रे ट्यूब कापतात.

रिंगची किंवा दोन तुकड्यांची रिम असेल तर फार जपा. बोल्ट किंवा रिंग सोडण्यापूर्वी वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. हवा भरताना रिंगच्या समोर कोणी उभे राहू नये. रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी सुटते. हे काम घरी लोखंडी पहारीने करण्याचे नाही, जाणत्या कारागिराकडेच करावे.

चाक काढलेलेच आहे तर हब हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग बदला, नाही तर साफ करून ग्रीस भरा. जुना टायर टाकण्यापूर्वी त्याची झीज पाहा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त होती आणि एकच कड झिजली असेल तर धुरी वाकडी आहे किंवा बेअरिंग ढिले आहे. दोष तसाच ठेवला तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळा.

हवा आणि पावसाळा

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतकामाच्या वेळी साधारण १२ ते १६ पौंड हवा असते. ट्रॉलीच्या टायरला त्याच्या कित्येक पट लागते. नेमका आकडा टायरवर किंवा कंपनीच्या तक्त्यात पाहावा आणि गेज लावूनच भरावी. लाथ मारून हवा कळत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, आत उष्णता वाढते, धागे सुटतात आणि एक दिवस टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चालून गरम झालेल्या टायरची हवा कमी करू नका.

आपल्या भागात पाऊस २ हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि लावणीनंतर बरीच ट्रॉली दसऱ्यापर्यंत एकाच जागी उभी राहते. तेव्हा ती रिकामी करा, चाके धुवा, धुरीखाली लाकडी ठोकळे देऊन टायर जमिनीवरून उचला आणि उन्हापासून झाका. डिझेल व तेल रबरावर सांडू देऊ नका. वसाहतीच्या रस्त्यावरून आल्यावर चाकात खिळा किंवा तारेचा तुकडा रुतला आहे का, ते त्याच दिवशी पाहा.

खरेदीला जाताना चिठ्ठीवर एवढे लिहून न्या:

१) एका चाकावर येणारे वजन, पाचवा हिस्सा वाढवून.
२) जुन्या टायरचे माप आणि पी.आर.
३) हवा असलेला भार-क्रमांक.
४) तयार झाल्याचा आठवडा व वर्ष पाहायचे, ही आठवण.
५) ट्यूब, फ्लॅप आणि पक्के बिल. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्यावा.

शेवटी एक विनंती. मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे वाहण्यासाठी नाही. मळणीच्या घाईत मजूर बाया आणि घरची पोरे पोत्यांवर चढतात व आपण "बसा, जवळच तर जायचे" म्हणतो. टायर कितीही चांगला घेतला तरी तो कधी तरी फुटू शकतो. त्या दिवशी वर फक्त पोती असली, तर नुकसान पोत्यांचेच होईल.

यंदाच्या कापणीपूर्वी आपापल्या ट्रॉलीजवळ बसा, टायर पुसा आणि त्यावरचे आकडे वाचा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.