पंधरा दिवसांचे नागरिक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांची एक जुनी तक्रार आहे. धानाच्या चुकाऱ्यांवर सभा बोलावली तर पंचवीस माणसे जमत नाहीत. आणि निवडणूक लागली की तीच माणसे मध्यरात्रीपर्यंत पानठेल्यावर बसून कोणते गाव कुणीकडे झुकले याचा हिशेब मांडतात. भाऊ भावाशी अबोला धरतो. एरवी घराबाहेर चार शब्द न बोलणारी बाई रोवणीला जमलेल्या बायांसारखी मोठ्याने वाद घालते. शिकलेल्या मंडळींजवळ याचे उत्तर तयार असते : दारू, पैसा, जात आणि करमणूक. या चारही गोष्टी निवडणुकीत असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पैसे घेतलेला माणूस मत देऊन घरी जाईल. तो भावाशी अबोला कशाला धरील? फुकटच्या जेवणाने पोट भरते, त्याने आवाज चढत नाही.

अर्थशास्त्राला तर हे कोडे अधिकच अवघड आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली असे मांडले की, लाखो मतांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते; तेव्हा निव्वळ नफातोटा पाहणाऱ्याने मतदानालाही जाऊ नये, मग उमेदवारांची चौकशी करणे दूरच राहिले. रोजंदारीवरच्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तेवढा तोटा मात्र नक्की. हिशेब चोख आहे. फक्त मत म्हणजे निकाल विकत घेण्याचे नाणे, असे त्यात गृहीत धरले आहे, आणि नेमके तेच येथील मतदाराने कधी मानलेले नाही.

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिल्यामुळे जागा रिकामी झाली होती आणि निवडून येणाऱ्याला जेमतेम वर्षभराची मुदत मिळणार होती. मतदान २०१४ च्या मानाने पुष्कळच कमी झाले, हे आधीच सांगितलेले बरे. पण त्या दिवशी ठिकठिकाणी मताची चिठ्ठी दाखविणारी यंत्रे बिघडली. कारण म्हणून उन्हाकडे बोट दाखविले गेले. लोक ताटकळले, चिडले. अखेर निवडणूक आयोगाला ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. हा संताप निकालाविषयीचा नव्हता. निकाल तर लागायचाच होता. आपली पाळी आली असता दार बंद झाले, याचा तो संताप होता. रेशनच्या दुकानात, धान खरेदी केंद्रावर बारदाना संपला म्हणून, तहसील कचेरीत साहेब दौऱ्यावर गेले म्हणून हे दार बंद झालेले त्याने वर्षभर पाहिलेले असते. तेथे तो मुकाट्याने परततो, कारण तेथे तो मागणारा असतो. वर्षानुवर्षांच्या रांगांत ही एकच रांग अशी की, तिच्यात देणारा तो आहे आणि मागणारा दुसरा कोणी.

या रांगेत एवढे तापण्यासारखे काय आहे, हे समजण्यासाठी बांधीत उतरावे लागेल. धान पिकविणाऱ्याच्या वर्षाच्या जमाखर्चातील किती आकडे बाजारात ठरतात? आधारभूत किंमत दिल्ली ठरविते. बोनस नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर होतो : २०२२ च्या अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपये, २०२३ च्या अधिवेशनात २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. हा कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. दरवर्षी कोणीतरी सभागृहात उभे राहून तो जाहीर करावा लागतो. तेंदूपत्त्याचा लिलाव सरकार करते, विडी वळणाऱ्या बाईचे किमान वेतन सरकार ठरविते, रोजगार हमीचे काम सरकार काढते. २०२४ च्या ऑगस्टपासून घरातील बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. ज्याच्या ताटातील अर्ध्या गोष्टी सरकारच्या शब्दावर अवलंबून आहेत, त्याच्यासाठी राजकारण हा मताचा विषय नसतो, हंगामाचा असतो. शहरातील पगारदाराला राजकारण आवडते किंवा आवडत नाही. धान पिकविणाऱ्याला ती चैन परवडत नाही. तो बाराही महिने राजकीयच असतो. मात्र ऐकणारा पंधरा दिवसच दारात येतो, म्हणून तो पंधरा दिवस बोलतो.

तरीही एवढ्याने सारे उलगडत नाही. पोटापलीकडचेही काही या जिल्ह्याने मतपेटीत टाकले आहे. त्यासाठी आणखी एक मे महिना आठवावा लागेल, १९५४ चा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात. लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा होता : एक सर्वसाधारण, एक राखीव. १९५२ ची तेथील निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये रद्द ठरविली. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी एका विडी पेढीचे भागीदार होते आणि त्या पेढीचा सैनिकांसाठी विड्या पुरविण्याचा केंद्र सरकारशी करार होता. शिवाय गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज, महानुभाव पंथात गेल्यामुळे ते महार राहिले नाहीत असे म्हणून, चुकीने फेटाळला गेला होता. घराघरांतील सुपात वळली जाणारी विडी आणि माणसाची जात, या दोहोंची सुनावणी एकाच खटल्यात झाली!

पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा हिशेब काही अनुयायांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते. मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. तीच केंद्रे, तेच मतदार, दोन मते. एक जागा काँग्रेसकडून गेली, दुसरी काँग्रेसकडे राहिली. समाजवादी मंडळी या निवडणुकीचा उल्लेख करताना सहसा मेहतांच्या विजयापाशी थांबतात. सवर्ण मतदाराचे दुसरे मत कोठे गेले, हे विचारण्याचा कंटाळा करतात.

वस्तीतील माणूस मात्र ते विसरला नाही. ज्याला विहिरीवर, देवळात, पंक्तीत मोजले गेले नव्हते, त्याला मतपेटीपाशी प्रथमच एक म्हणून मोजले गेले होते, मालगुजाराइतकेच एक. डाउन्सच्या हिशेबात या एकाला किंमत नाही. या माणसाने निकाल गमावला. पण मोजले जाणे गमावले नाही, आणि ते दुसऱ्याच्या पदरात फुकट पडू नये म्हणून तो पुढच्या प्रत्येक निवडणुकीत तावातावाने बोलत राहिला.

आता कार्यकर्त्यांच्या तक्रारीकडे परत यायचे, तर धानाच्या सभेला माणसे का येत नाहीत? कारण त्या सभेत त्यांच्या हाती देण्यासारखे काही नसते. तेथे ते पुन्हा मागणारेच असतात आणि व्यासपीठावरचा वक्ताही मागणाराच. २०१८ चा निकाल ३१ मे रोजी लागला. थोड्याच दिवसांत पऱ्हे टाकण्याची घाई सुरू झाली, पानठेल्यावरची गर्दी पांगली. पक्षाचे तालुका कार्यालय निवडणुकीपुरते भाड्याने घेतलेले असेल, तर खरेदी केंद्रावरून परत पाठविलेला शेतकरी दिवाळीनंतर कोणत्या दारात जाणार, हे या वर्गातील प्रत्येकाने आपल्या तालुक्यापुरते सांगावे.