दोन आसनें कीं चार दारें?

मोटार घ्यावी कीं न घ्यावी, या विषयावर बोलण्यास मला कोणीं बोलाविलें असतें तर मीं नम्रपणें नकार दिला असता. त्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या त्याच्या खिशांत असतें, आणि दुसऱ्याच्या खिशांत हात घालणें हें सभ्य माणसाचें काम नव्हे. माझ्यापुढें आलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मोटार घ्यावयाची, हें ठरलें आहे. पैसे सांठले आहेत. ती वेगानें धांवणारी असावी, याविषयींहि घरांत मतभेद नाहीं. प्रश्न उरला आहे तो इतकाच, कीं ती दोघांपुरती टू-सीटर असावी, कीं घरांतलीं सारीं माणसें मावतील अशी, पण जवळजवळ तितक्याच दमाची, चार दारांची मोटार असावी?

हा प्रश्न मला विचारला माझ्या एका दिवंगत मित्राच्या मुलानें. मित्र डॉक्टर होऊन विलायतेस गेला आणि तिकडचाच झाला. मुलगा कॉव्हेंट्री येथें एंजिनिअर आहे. घरीं पत्नी व सात वर्षांची मुलगी. वडील गेल्यापासून वडीलकीचे प्रश्न तो माझ्याकडे पाठवितो. मोटारींतलें मला पुष्कळ कळतें असा त्याचा लहानपणापासून समज आहे, आणि तो दूर करण्याचा प्रामाणिकपणा मीं कधीं दाखविला नाहीं.

कॉव्हेंट्री हें जॅग्वार मोटारीचें गांव. तेथल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे दोन जॅग्वार शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. एक १९६२ सालची ई-टाइप, अर्थात् टू-सीटर. दुसरी त्याच सुमाराची मार्क टू, चार दारांची. दोहोंची किंमत जवळजवळ सारखी आहे, आणि त्याचें कारण जाणत्यांच्या लक्षांत आलेंच असेल: ई-टाइप दुरुस्तीला आलेली आहे, मार्क टू आरशासारखी लख्ख आहे. "काका, कोणती घेऊं?" एवढेंच त्यानें पत्राच्या शेवटीं लिहिलें होतें.

मोटारींचें ज्यांना वेड नाहीं अशा श्रोत्यांनीं कंटाळूं नये. पुढची हकीकत मोटारीइतकीच माणसांची आहे. या दोन्ही गाड्यांचें एंजिन मुळांत एकच. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धांत झाला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्री शहर जाळलें, हें इतिहासांत आहेच. त्या काळांत बॉम्बनें लागलेली आग वेळींच दिसावी म्हणून कारखान्यांतून रात्रीचे पहारे बसवीत. जॅग्वारचे मालक विल्यम लायन्स यांनीं आपल्या पहाऱ्याच्या पाळीला सोबती निवडले ते हेन्स, हॅसन आणि बेली, म्हणजे स्वतःचे एंजिन-तज्ज्ञच! आग लागेपर्यंत बसून करावयाचें काय? त्या रात्रीं या मंडळींनीं युद्ध संपल्यावर करावयाच्या एंजिनाची चर्चा केली. लायन्स यांची मागणी ठाम होती: ऐसपैस, चार दारांची, कुटुंबाची मोटार, पण ताशीं १०० मैल धांवली पाहिजे. एरव्हीं शर्यतीच्या किंवा अतिशय महाग गाड्यांतच आढळणारी दुहेरी कॅमशाफ्टची रचना त्यांनीं या घरगुती मोटारीसाठीं योजिली. सहा सिलिंडरांचें हें 'एक्सके' एंजिन पुढें १९९२ पर्यंत कोणत्या ना कोणत्या गाडींत बसविलें जात होतें, यावरून त्या पहाऱ्याचें सार्थक किती झालें तें समजावें.

गंमत पुढें आहे. १९४८ सालीं लंडनला अर्ल्स कोर्टचें प्रदर्शन भरलें तेव्हां एंजिन तयार होतें, पण ज्या मोठ्या मोटारीसाठीं तें केलें ती तयार नव्हती. तेव्हां दुसऱ्या एका गाडीचा सांगाडा आंखूड करून त्यावर घाईघाईनें दोन आसनांचा एक देह चढविला आणि तिला नांव दिलें एक्सके १२०. त्यांतला आंकडा ताशीं मैलांचा. अशा फार तर दोनेकशें गाड्या कराव्या असा विचार होता. लोकांनीं ती पाहिली आणि विचार बदलणें भाग पडलें. १९५४ पर्यंत १२,००० हून अधिक गाड्या झाल्या. ज्या मोठ्या मोटारीसाठीं सारा खटाटोप होता ती मार्क सेव्हन १९५० सालीं आली. म्हणजे यजमान येईपर्यंत दिवाणखान्यांत बसविलेल्या पाहुण्यानेंच मैफल जिंकली!

आतां आपल्या दोन गाड्यांकडे वळूं. मार्क टू १९५९ ची, ई-टाइप १९६१ ची. ई-टाइप प्रथम जिनीव्हाच्या प्रदर्शनांत दाखविली. तेथें इतकी झुंबड उडाली, कीं दुसरी गाडी तातडीनें हवी झाली, आणि कंपनीचा चालक नॉर्मन ड्यूइस यानें कॉव्हेंट्रीहून निघून रात्रभर प्रवास करून ती तेथें आणून उभी केली. कंपनी या गाडीचा वेग सांगे ताशीं १५० मैल. ३.८ लिटरच्या मार्क टूचा वेग ताशीं सुमारें १२५ मैल. एकीला तीन कार्बुरेटर आणि २६५ अश्वशक्ति, दुसरीला दोन कार्बुरेटर आणि २२०. ई-टाइप वजनानें सुमारें ३०० किलोंनीं हलकी. एवढ्या साऱ्या फरकाचा हिशेब घड्याळांत मांडला तर काय दिसतें? उभ्या जागेवरून ताशीं ६० मैलांचा वेग गांठण्यास ई-टाइपला लागत सात सेकंद, आणि मार्क टूला साडेआठ. दीड सेकंद! मार्क टूच्या मागच्या बाजूला तीन माणसें बसूं शकतात. म्हणजे प्रत्येक माणसामागें अर्धा सेकंद पडला. आप्तांची इतकी स्वस्त किंमत मीं दुसरीकडे कोठें पाहिली नाहीं.

पण हा वकिली युक्तिवाद झाला, आणि तो पुरता खरा नाहीं. पूर्वीं एकदां विलायतेस गेलों असतां मित्राच्या ओळखीनें मला दोन्ही गाड्यांतून फेरी मारावयास मिळाली होती. ई-टाइपमध्यें माणूस बसत नाहीं, उतरतो; विहिरींत उतरावें तसा. उंबरठा हातभर रुंद, आसन जमिनीलगत, मागचें चाक जवळजवळ पाठीशीं, आणि पुढें पाहावें तों नावेच्या नाळीसारखें लांबच लांब पसरलेलें झांकण. ज्यानें या गाडीचा आकार आंखला तो माल्कम सेयर पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत होता, हें निराळें सांगावें लागत नाहीं. वळण आलें, कीं गाडी झुकत नाहीं, वळते. आणि आपण तिच्यांत बसलों आहोंत हें विसरून आपणच वळलों असें वाटतें. आंत उकडतें, बोलणें ऐकूं येत नाहीं. पहिल्या गाड्यांत तर तळ इतका सपाट होता, कीं उंच माणसाचे पाय अवघडत. १९६२ मध्यें कंपनीनें तळाला खोलगटपणा देऊन ती चूक सुधारली. असें असूनहि खालीं उतरल्यावर मला चालण्याचाच कंटाळा आला, हें कबूल केलें पाहिजे.

मार्क टूची गोष्ट अगदीं निराळी. अक्रोडाच्या लांकडाचा फळा, कातड्याचा वास, मागें बसलेल्यांसाठीं पुढच्या आसनांच्या पाठीला लहानशीं उघडमिटीचीं मेजें. गाडी किती वेगानें चालली आहे हें बाहेरचीं झाडें सांगतात, आंतलीं माणसें सांगत नाहींत. खराब रस्त्यावर मात्र तिचा मागचा आंस, जो सलग आहे, थोडा उड्या मारतो. ई-टाइपचीं मागचीं चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होतात, म्हणून ती रस्ता सोडीत नाहीं. पण चार दारें आणि हा वेग यांचें महत्त्व दोन वर्गांनीं तत्काळ ओळखलें: एक इंग्लंडचे पोलीस आणि दुसरे बँकांवर दरोडे घालणारे. दोघांनाहि माणसें चटकन् आंत घ्यावयाचीं असत आणि चटकन् निघावयाचें असे. टू-सीटरमधून दरोडा घालणें म्हणजे साथीदारांचा विश्वासघात करण्यासारखेंच.

"मधला मार्ग नाहीं काय?" असें कोणी विचारील. तो जॅग्वारनेंच काढून पाहिला. १९६६ सालीं ई-टाइपची लांबी ९ इंचांनीं वाढवून, छप्पर उंच करून, समोरची कांच अधिक उभी करून मागें दोन लहान आसनें घातलीं. मुलें त्यांत बसत, हें खरें. पण त्या आकाराचा सारा प्राण ज्या एका रेषेंत होता ती रेषा मोडली. मोठीं माणसें मागें बसूं शकत नाहींत आणि पुढच्यांना टू-सीटरचें समाधान मिळत नाहीं. माझ्या मतें दोन गोष्टींतून एक निवडण्याचें धैर्य नसलें म्हणजे अशी गाडी जन्मास येते. तसली गाडी त्यानें घेऊं नये, एवढें तर मीं त्याला पहिल्याच ओळींत लिहून टाकलें.

नव्या जॅग्वार गाड्यांत हा वाद घालण्याची सोय आतां उरलेली नाहीं. २००८ सालीं ही कंपनी आपल्या टाटा मोटर्सनें फोर्डकडून विकत घेतली तेव्हां मुंबईपुण्याच्या मंडळींना जो अभिमान वाटला त्यांत मीहि होतों. पण २०२४ सालीं कंपनीनें आपली टू-सीटर एफ-टाइप आणि एक्सई व एक्सएफ या चार दारांच्या गाड्या, साऱ्या एकदमच बंद केल्या. राहिल्या त्या जुन्या गाड्या, आणि त्यांच्यापुढें उभी राहून विचार करणारीं माझ्या मित्राच्या मुलासारखीं माणसें.

मीं त्याला उत्तर लिहिलें तें मार्क टूच्या बाजूनें. माझीं कारणें अशीं होतीं. एक तर कायद्याचें. जुन्या मोटारींत आसनाचे पट्टे नसतील तर तीन वर्षांवरच्या मुलांना केवळ मागच्या आसनावर बसवितां येतें, असा इंग्लंडांत नियम आहे. आणि ई-टाइपला मागचें आसनच नाहीं! पट्टे मागाहून बसवून घेतां येतात, हें मान्य. पण मग मुलीला आंत बसविली, कीं आई घरीं. दुसरें कारण गंजाचें. ई-टाइपच्या दारांखालच्या त्या रुंद उंबरठ्यांवर साऱ्या देहाचा भार असतो. ते गंजले असतील तर काम वरच्या रंगरंगोटीनें भागत नाहीं, देह कापून नवा पत्रा जोडावा लागतो. नोकरी सांभाळून रविवारच्या रविवारीं तें काम करावयाचें म्हटलें तर दोन वर्षें सहज जातील. आणि तोंपर्यंत ती दोन आसनांची गाडी शून्य आसनांची राहील. तिसरें कारण मला सर्वांत मोठें वाटलें. चार दारांची गाडी निघाली, कीं "चला" एवढें म्हणावें लागतें. टू-सीटर दर खेपेस विचारते, "आज कोण?" सात वर्षांच्या मुलीला हा प्रश्न फार लवकर समजतो.

पत्र लिहून झालें, पाकिटांत घातलें. तें टाकावयास जाणार तोंच त्याच्या पत्नीचें पत्र आलें. ती मला सहसा लिहीत नाहीं. तिनें लिहिलें होतें: "काका, आपण त्यांना चार दारांची गाडी घ्यावयास सांगाल हें मला ठाऊक आहे. सारेच तसें सांगतात. पण मुलगी झाल्यापासून गेल्या सात वर्षांत आम्ही दोघेंच असे कोठें गेलेलों नाहीं. प्रत्येक गाडी, प्रत्येक घर, प्रत्येक सुटी आम्ही तिघांच्या हिशेबानें घेतली. आमची रोजची गाडी आहेच. तींत सारीं मावतात. ही एक गाडी अशी असावी, कीं जींत मावण्यासाठीं कोणाला तरी घरीं ठेवावें लागेल, आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटूं नये. मुलीला एक दुपार शेजारच्या बाईंकडे राहतां येईल. त्यांना मात्र हें मीं लिहिलें असें कळवूं नका."

श्रोतेहो, हें पत्र मीं दोनदां वाचलें. मी मांडलेला "आज कोण?" हा प्रश्न मला मुलीच्या बाजूनेंच दिसला होता, त्याचें दुसरें उत्तर देणारें कोणी त्या घरांत असेल हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. रोजच्या गाडीची गोष्टहि मीं हिशेबांत धरली नव्हती, आणि ज्याला मोटारींतलें कळतें असें समजलें जातें त्याला हें शोभणारें नव्हे. तरीहि गंजलेले उंबरठे गंजलेलेच राहतात, आणि दोन वर्षें हीं दोन वर्षेंच असतात. मीं पाकीट उघडलें, माझीं तिन्ही कारणें तशींच राहूं दिलीं, आणि खालीं एक ओळ घातली: "व्यापाऱ्याकडे पुन्हां जा, या वेळीं घरांतल्या दोघींना घेऊन जा, आणि दोघींनाहि आंत बसवून पाहा." तिच्या पत्राचा उल्लेख केला नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्याचें उत्तर आलें. तिघें गेलीं होतीं. मुलगी मार्क टूच्या मागच्या आसनावर बसली, तिनें तें लहानसें मेज उघडलें आणि त्यावर आपला डबा मांडला. ती खालीं उतरावयास तयार होईना. पत्नी ई-टाइपमध्यें उतरली, दार लावून घेतलें, आणि तीहि बराच वेळ बाहेर आली नाहीं. तो दोन गाड्यांच्या मधोमध उभा होता. अखेर दुकान बंद करावयाची वेळ झाली म्हणून म्हाताऱ्या व्यापाऱ्यानें दिवे मालवावयास सुरुवात केली, तेव्हां दोघी निघाल्या. येत्या शनिवारीं तिघें पुन्हां जाणार आहेत.