कापड फिरवायला शिकताना

आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत नुसतं ‘मशीन’ म्हटलं, की ते शिलाईचंच असतं. पिठाची ती गिरणी, पाण्याची ती मोटार, मशीन एकच. ‘तिच्याकडे मशीन आहे’ असं म्हटलं, की तिच्या हाताला काम आहे, दारात गिऱ्हाईक आहे, हे सगळं त्यात आलं. मुलगी शिवण शिकायला जाते म्हणाली, तर आजही घरात सहसा कुणी अडवत नाही. तीच मुलगी नाटकाच्या तालमीला निघाली तर बघा!

ही वाट मळवणाऱ्यांतली एक बाई आपल्याच मुलखातली. रमाबाई रानडे यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. तेव्हा तो सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, आणि देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात आहे. उंच ताबुतांचं कडेगाव ते हेच. रमाबाईंनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं. तिथं मोठ्या वयाच्या बायका लिहा-वाचायला शिकत आणि शिवणही. शिवणाचं निमित्त सांगून उंबरा ओलांडलेल्या किती जणींच्या हाती तिथं पुस्तक आलं असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

मी स्वतः मशीनचं भरतकाम शिकले ते चौपन्नाव्या वर्षी. कराडजवळच्या एका गावात पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं. मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं. जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात, त्या स्टेजवर शिकवणाऱ्या बाईंचं मशीन. खाली आम्ही चौदा जणी आणि बारा मशीन. कुणी खटावच्या, कुणी तासगावच्या, दोघी मिरजेच्या. मला पहिल्या जेवणापासून सगळ्या ‘आपा’ म्हणू लागल्या.

साखळी टाका, गाठीचा टाका हे अम्मीनं लहानपणीच शिकवलं होतं. सरळ टीपही यायची. पण मशीनवर भरतकाम करायचं, तर या दोन्ही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. हातानं भरताना कापड स्थिर आणि सुई हिंडते. इथं सुई एकाच जागी वरखाली होते आणि फिरवायचं ते कापड. आधी मशीनचा पाय काढायचा. कापड पुढं ढकलणारे खालचे दाते उतरवायचे, नाहीतर त्यांच्यावर पत्रा बसवायचा. कापड रिंगेत ताणायचं, पण हाताच्या भरतकामाच्या उलट, म्हणजे ते मशीनच्या पाट्याला चिकटून राहील असं. मग पाय नसला तरी त्याचा दांडा खाली करायचा. तो खाली आल्याशिवाय वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही. हे सांगताना बाईंनी दोनदा टाळी वाजवली. निम्मी मशीन इथंच अडतात म्हणाल्या.

एवढं झालं, की मशीन आपलं काहीच ऐकत नाही. टाका केवढा, वळण कुठं, सगळं दोन तळहातांवर. पाय जोरात आणि हात मंद, तर खाली दोऱ्याचा गुंता. हात जोरात आणि पाय मंद, तर सुई वाकते, कट्कन मोडते. पहिल्या दुपारी हॉलमध्ये सुया मोडण्याचा आवाज पोहे भाजल्यासारखा येत होता. बाई फूल बघायच्याच नाहीत. रिंग उलटी करायच्या. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा आणि बॉबिनचा, आणि त्यांची गाठ कापडाच्या मध्ये पडायला हवी. खालचा दोरा वर डोकावला, तर कुठला ताण चुकला ते उलटी बाजू लगेच सांगते. शेजारणीची उलटी बाजू पाहून मी जेवढं शिकले, तेवढं फळ्यावरच्या आकृतीवरून शिकले नसते.

शब्दांची सवय असल्यानं माझे कान दुसरीकडंही होते. कशिदा फारसीतून आलेला. अस्तर, रफू, जर हीसुद्धा तिकडचीच मंडळी. काज पोर्तुगीज, इस्त्रीही. टाका, टीप, शिवण आपले. एका पोलक्यात एवढी माणसं गुण्यागोविंदानं राहतात, आणि कुणी त्यांना मूळ गाव विचारत नाही.

खरं शिबिर मात्र रात्री असायचं. सतरंजीवर आडवं झाल्यावर दुसऱ्या रात्री कुणीतरी विचारलं, ‘तुम्ही गळ्याच्या डिझाइनचं काय घेता?’ आधी सगळ्या गप्प. मग एकीनं दीडशे सांगितले, एकीनं साडेतीनशे. काम तेच, गळा तोच. दीडशेवाली उठून बसली. तिला काम आणून देणारा माणूस ‘सगळीकडं हाच भाव आहे’ असं सांगत आला होता, आणि घराबाहेर विचारायला तिला दुसरं कुणी नव्हतं. माणमधून आलेल्या एका मुलीनं वही काढली. रिळं किती, सुया किती, तास किती, असं मांडून तिनं दीडशे रुपयांतून हातात काय उरतं ते दाखवलं. फारसं काही उरत नव्हतं.

त्या मुलीच्या तालुक्यात बायकांनी हिशेबाचा धडा मागंच दिलेला आहे. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा कागदावर अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका अक्षरं शिकून पुन्हा गेल्या. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढं बायकांना धंदा शिकवणारी शाळा आली, आणि ती बसमध्ये बसून गावोगाव फिरली.

आता कुणी म्हणेल, सुरतेहून कॉम्प्युटर मशीनवर भरलेलं कापड ताग्यांनी येतंय, मग रिंग कशाला फिरवायची? एकसारख्या बुट्ट्यांत त्या मशीनशी आपण जिंकणार नाही, आणि त्या नादाला लागूही नये. पण बेतलेला गळा, जुन्या साडीचा फाटका पदर झाकणारी वेल, बाळाच्या दुपट्यावर नाव, अशी एकेकटी कामं मोठ्या यंत्राला परवडत नाहीत. ती गल्लीतच होतात. पायमशीनला तर लाईट गेल्याचंही सोयरसुतक नाही.

शिबिराहून येताना त्या वहीतलं दरांचं पान सगळ्यांनी फोनवर टिपून घेतलं. महिनाभरानं दीडशेवालीचा फोन आला. तिनं अडीचशे सांगितले होते. तो माणूस आठ दिवस फिरकलाच नाही. नवव्या दिवशी सहा पोलकी घेऊन आला, आणि दोनशे वीसवर तयार झाला. ‘आपा, पुढच्या वेळी काय सांगू?’ तिनं विचारलं. मी तिला माणच्या मुलीचा नंबर दिला.