पडद्यावरील उघड्या मोटारी



जुन्या चित्रपटांतील नायक-नायिका उघड्या टपाच्या मोटारीतून का हिंडतात, याचे उत्तर केवळ श्रीमंतीत शोधू नये. टप उतरला की दोघांच्या मुखांवर प्रकाश पडतो, हाही त्यातला व्यवहार. मात्र मोटार ओळखू पाहणाऱ्याची तिथेच पंचाईत होते. कॅमेरा चेहऱ्यांवर खिळलेला, आणि मोटारीचे कुलगोत्र सांगणारे रेडिएटर व बॉनेटवरचे चिन्ह चौकटीच्या खाली! म्हणून आम्ही मोटार पाठमोरी होण्याची वाट पाहतो. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे दिसले, तर शेव्हरोले इम्पालाचा संशय घ्यावा; १९५९ च्या इम्पालाचे दिवे तेवढे मांजराच्या डोळ्यांसारखे. त्याच वर्षीच्या कॅडिलॅकला माशाच्या परांसारखे उंच पत्रे, प्रत्येकात दोन टोकदार दिवे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसचे प्रकरण याहून अवघड. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती कंपनी इंजिनासह सांगाडा देई. वरचे अंग गिऱ्हाइकाच्या पसंतीचा कारागीर घडवी. बॉनेटवरच्या मूर्तीवरून घराणे कळते, अंग कोणी घडवले ते नव्हे.

हा खटाटोप कशासाठी? १९५८ चा ‘चलती का नाम गाडी’ पाहा. खंडव्याच्या अशोककुमार, किशोरकुमार व अनुपकुमार या तिघा बंधूंनी त्यात गॅरेज चालवणाऱ्या तिघा भावांच्याच भूमिका केल्या. (२००० पर्यंत खंडवा व आपले भिलाई एकाच राज्यात होते, हे जाता जाता.) त्यांची ती खटारा गाडी १९२८ ची शेव्हरोले मानली जाते, म्हणजे चित्रपट झळकला तेव्हाच तिने तिशी गाठलेली. इतरांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांकडे स्वतःची गाडी ही असली, यातच सारी गंमत! आमच्या नातवंडांना मात्र पडद्यावरची प्रत्येकच मोटार म्हातारी दिसते, त्याच साली जन्मलेली इम्पालाही. मग त्यांना हसू यावे कशाचे?

४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ज्यांनी पाहिले, त्यांना हा फरक कोणी सांगावा लागत नसे. ती पिढी आता विरळ होत चालली आहे. आपल्या कारखान्यातून रूळ आणि जाड पत्रे निघतात, मोटारीच्या अंगाचा पातळ पत्रा नव्हे. तरी पत्र्याचा बाक पारखणारे डोळे इथे घरोघर आहेत. तेव्हा नातवंडांसह चित्रपट पाहताना मोटार पाठमोरी झाली की चित्र क्षणभर थांबवा, आणि आधी साल विचारा, नाव मागाहून.