झोप लागते का, ते विचारा

श्रोतेहो, सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना फौजी म्हणजे कोण हे सांगायला नको. आपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी ही गावं तर फौजेच्याच नावानं ओळखली जातात. फौजी रिटायर होऊन आला की गुलाल उधळतात, जीपमधून मिरवणूक काढतात. आणि आठ दिवसांत पारावर विचारणा सुरू होते, "मग, आता पुढं काय?" मला या प्रश्नाचा राग येतो. आधी विचारा, रात्री झोप लागते का?

पेन्शनसाठी जवानाची 15 वर्षांची नोकरी पुरते. त्यामुळं मिसरूड फुटताना भरती झालेला गडी पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. हातीपायी धडधाकट. याला काय झालंय, असंच सगळ्यांना वाटतं. पण कुणी 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलला होता, कुणी काश्मीरमध्ये वर्षानुवर्षं गस्त घातली. असा माणूस हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसतो. वरातीत फटाके लागले की निघून जातो. बायको सांगते, "हे रात्रीतनं तीनदा उठून कडी बघतात." याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. पहिल्या महायुद्धात शेल शॉक म्हणायचे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळं हा विषय अमेरिकेत लावून धरला गेला आणि 1980 साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो आजारांच्या यादीत घेतला. आपल्या गावात अजून एवढंच म्हणतात, "फौजी जरा तापट आहे."

तापट नाही हो, तापलेला आहे. भाकरी झाल्यावर तवा उतरवला तरी तो लगेच निवत नाही. पोरांना आपण सांगतो, हात लावू नका. इतकी वर्षं तापून राहणं हेच त्याचं काम होतं, त्यावरच इतरांच्या भाकरी भाजल्या. आणि तुम्ही काय करता? दोन महिन्यांत त्याला पुण्याला सिक्युरिटीत चिकटवता, तीही रात्रपाळी. "फौजीला जागायची सवयच असते." म्हणजे उतरवलेला तवा पुन्हा निखाऱ्यावर! वर चटका बसला की तव्यालाच शिव्या. नोकरी करू दे, जरूर करू दे. पण दिवसपाळी मागा, पगार थोडा कमी मिळाला तरी.

दुसरं, कँटीनची रम. रमनं डोळा लागतो हे खरं, पण ती झोप टिकत नाही. मध्यरात्रीनंतर जाग येते, घाम फुटलेला असतो. मग दुसऱ्या रात्री एक पेग जास्त.

आणि पाहुण्यांनो, "किती जणांना मारलंत?" हे जेवताना विचारायचं नसतं! त्या आठवणींकडे हळूहळू, रोग्याच्या कलानं कसं जायचं याचं शिक्षण घेतलेली माणसं असतात. अशा बोलण्याच्या उपचारानं, गरज पडल्यास गोळ्यांनी, पुष्कळजण सुधारतात. ते सविस्तर सांगायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.

तेव्हा कामाचं सांगते. पेन्शनर फौजीचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असतं. ते गुडघ्यासाठी वापरता तसं यासाठीही वापरा. पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन 'झोप येत नाही' एवढं म्हटलं तरी सुरुवात होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. रात्रीबेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, 14416. फौजी फोन करायला लाजत असतील, तर वहिनी, तुम्ही करा.