चीजच्या पंगतीला स्वस्त वाइन



तत्त्वज्ञान आणि अर्थकारण यांच्या शेजारी आजचा विषय छापलेला पाहून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. मद्यपानाची भलामण करण्यासाठी मी येथे उभा नाही. अमुक इतके मद्य निर्धोक, अशी सीमारेषा दाखविता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले आहे, आणि जे घेत नाहीत त्यांनी हे व्याख्यान ऐकून सुरुवात करावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझा प्रश्न रुचीचा आहे, आणि थोडा खिशाचाही. पाहुणे यायचे म्हणून कोणी हौसेने परदेशी चीज आणतो, आणि त्याला शोभेल अशी म्हणून दुकानातली सर्वांत महाग तांबडी वाइन घेतो. त्याचे पैसे बहुधा पाण्यात जातात. ते का, हे आधी पाहू.

वाइनच्या व्यापाऱ्यांत एक जुना दंडक सांगतात : विकत घेताना सफरचंदाबरोबर चाखावी, विकताना चीजबरोबर चाखवावी. सफरचंदापुढे वाइनचे दोष उघडे पडतात. चीज ते पोटात घालते. पण चीज दोषांबरोबर गुणही पोटात घालते, ही गोष्ट आपण विसरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सराव दिलेल्या परीक्षकांना तांबड्या वाइन एकदा नुसत्या आणि एकदा चीज खाल्ल्यावर चाखायला दिल्या. चीजनंतर फळांचा वास, ओक लाकडाचा वास, आंबटपणा, तुरटपणा, सारेच कमी जाणवले. वाढला तो फक्त लोण्याचा वास! म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी आपण चौपट दाम मोजले, तेच चीजच्या घासाखाली गाडले जातात.

याचे कारण शोधायला फार दूर जायला नको. कोरा चहा तोंड आखडून टाकतो, आणि दूध घातले की तो तुरटपणा मावळतो. कारण चहातले टॅनिन दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटते. तांबड्या वाइनमध्येही द्राक्षांच्या सालींतून आणि बियांतून उतरलेले टॅनिनच असते, आणि चीज म्हणजे तरी काय, घट्ट केलेले दूधच. पांढरी वाइन करताना रस आंबण्यापूर्वीच साली वेगळ्या काढतात, म्हणून तिच्यात टॅनिन थोडे आणि आंबटपणा ठसठशीत असतो. चीजच्या स्निग्धतेला तोच हवा असतो. तुपाळ खिचडीबरोबर लिंबाचे लोणचे घेणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आता फ्रान्समध्ये चला. लुआर नदीच्या काठी साँसेर नावाचे टेकडीवरचे गाव आहे, आणि त्याच्या पायथ्याशी शाविन्योल नावाचे खेडे. येथे शेळीच्या दुधाचे लहानसे गोल चीज करतात. ते ताजे असते तेव्हा पांढरेशुभ्र, मऊ आणि दह्यासारखे आंबूस. मुरत गेले की आकसते, कठीण होते, आणि त्याला अक्रोडासारखी चव येते. भोवतालच्या उतारांवर सोविन्यों ब्लाँ जातीची द्राक्षे आहेत. शेळ्या आणि मळे एकाच माळावरचे. तेव्हा ही जोडी कोणा पंडिताने जुळविली नसून शेतकऱ्याच्या जेवणात ती आपोआप जुळलेली आहे. चीज आंबूस, म्हणून वाइन त्याहून थोडी अधिक आंबट लागते, नाहीतर ती पाणचट वाटते. पण साँसेरच्या नावाला आज मोठी किंमत मोजावी लागते. त्याच नदीने खाली पश्चिमेला गेले की तूरेन प्रांत लागतो. द्राक्ष तेच, भाव पुष्कळ कमी! शेळीच्या चीजपुढे दोहोंतला फरक ओळखणारा माणूस मला भेटायचा आहे.

रोकफोर हे मेंढीच्या दुधाचे, निळ्या बुरशीचे, चांगलेच खारट चीज. ते दक्षिणेकडील कोंबालू डोंगराच्या गुहांत मुरवतात. त्याच्याबरोबर सोतेर्नची गोड वाइन द्यावी, असे पुस्तके सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पिकल्या कलिंगडावर मिठाची चिमूट टाकली की गोडी कशी खुलते, ते आपण जाणतो. परंतु सोतेर्नसाठी विशिष्ट बुरशीने सुकविलेली द्राक्षे फेऱ्या घालून हातांनी वेचावी लागतात, आणि त्यांतून रस निघतो अगदी थोडा. त्यामुळे ती महाग. बेर्जराकजवळच्या मोंबाझियाकची गोड वाइन त्याच रीतीने होते, आणि खूपच कमी दामात मिळते. खारट चीजला हवी असते ती गोडी. तिच्यावरचे गावाचे नाव त्याला वाचता येत नाही.

मातीचा हा न्याय सगळीकडे मात्र चालत नाही. कामांबेर हे चीज नॉर्मंडीचे, आणि नॉर्मंडी सफरचंदांचा मुलूख. तेथील लोक त्याबरोबर सफरचंदाची सायडर पितात, आणि तीच उत्तम. टॅनिनयुक्त तांबडी वाइन त्या पिकलेल्या सालीपाशी गेली की तोंडात धातूसारखी कडसर चव येते.

म्हणून तांबडी वाइन वर्ज्य समजायची काय? तसे नाही. इटलीत मोदेना आणि रेज्यो यांच्या परिसरात पार्मिज्यानो हे किमान बारा महिने मुरलेले, रवाळ चीज होते, आणि तेथलीच लांब्रुस्को ही फसफसणारी, आंबटसर तांबडी वाइन. बड्या रसिकांनी तिला पुष्कळ हिणविले आहे. पण त्या खारट, कठीण चीजचा खडा आणि लांब्रुस्कोचा थंडगार घोट यांच्या जोडीपुढे बोर्दोची भारी बाटली मला तरी अवजड वाटते.

आपल्या इकडे नाशिकच्या मळ्यांत शेनँ ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ या जाती आता रुजल्या आहेत; दोन्ही फ्रान्समधल्या, आणि शेनँचे तर लुआरचे खोरे हेच माहेर. डब्यातले आपले नेहमीचे चीज खारट आणि स्निग्ध असते. त्याला कोरडी शेनँ पुरेशी आहे. चीज तासभर आधी शीतपेटीतून बाहेर काढावे, कारण गारठलेल्या चीजला चवच नसते. भर उन्हाळ्यात अर्धा तास पुरे. आणि तांबडी वाइन 'खोलीच्या तपमानाला' द्यावी, असे कोणी पुस्तक वाचून सांगू लागला, तर ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची, हे त्याला सांगावे. आपल्या वैशाखात ती बाटलीही थोडा वेळ शीतपेटीत ठेवावी.