सुहैली कोरडी पडली तेव्हा

बोटीवर बोलायचं ठरवलं तेव्हा आकाशवाणीतल्या एका स्नेह्यानं विचारलं, "आणि कविता?" त्याला म्हटलं, आमच्या घरात कविता माझ्यापासून सुरू झाली, बोटी तिच्या आधी तीन पिढ्या होत्या. थोरल्यांचा मान आधी. शिवाय या गोष्टीत माझी एक चूकही गुंतलेली आहे. ती शेवटी सांगतो.

१९९७ साली लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सागरी संग्रहालयात एक लाकडी शिडाची बोट सन्मानानं नेऊन ठेवली गेली. डोक्यावर छप्पर, मोजूनमापून कोरडी ठेवलेली हवा, बघायला येणारी शाळकरी मुलं. म्हातारपणी कुणाला याहून काय हवं? पण पाच वर्षांत बोट सुकली. फळ्या आकसल्या, सांध्यांना फटी पडल्या. याच बोटीनं एकेकाळी एकही बंदर न घेता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. दक्षिण महासागराच्या लाटांना जे जमलं नाही ते त्या कोरड्या हवेनं करत आणलं. मालकाच्या ते लक्षात आलं आणि २००२ मध्ये त्यानं बोट तिथून बाहेर काढली.

बोटीचं नाव सुहैली, मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. आणि बोट बांधलेली आपल्या मुंबईची.

साठीच्या दशकात नॉक्स-जॉन्स्टन 'ब्रिटिश इंडिया' कंपनीच्या जहाजावर अधिकारी होता. मुंबई ते इराणचं आखात अशा या कंपनीच्या फेऱ्या चालत. आमच्या कोकणातली कितीतरी माणसं याच कंपनीच्या डेकवर वळकटी टाकून कुवेत-बसऱ्याला गेली. या तरुणाला आणि त्याच्या सोबत्यांना वाटलं, आपली स्वतःची बोट असावी आणि तिच्यातून विलायतेला घरी जावं. त्यांनी इंग्लंडहून आराखडा मागवला. मागवला एक आणि आला दुसराच. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी आरेखकानं १९२०च्या दशकात काढलेला, नॉर्वेच्या बचाव-बोटींच्या वळणावरचा. लांबी ३२ फूट, दोन डोलकाठ्या, पुढून-मागून दोन्हीकडे निमुळती, पोट भरदार. वेगासाठी नव्हे, टिकण्यासाठी काढलेली बोट. परत पाठवून दुसरा मागवायला वेळ कुणाला होता? आला तोच आराखडा पसरला आणि काम सुरू झालं.

मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात बांधली. वाकस, करवत, दोरीनं फिरवायचं गिरमिट, एवढीच हत्यारं. विजेवर चालणारं काही नाही. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून बोट पाण्यात सोडली.

नावाची गंमत सांगायला हवी. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात, त्यावरून हे नाव. पण अरबीत सुहैल नावाचा ताराही आहे, दक्षिणेच्या आकाशातला अतिशय तेजस्वी. ऐन उन्हाळ्याच्या शेवटी तो पहाटे दिसू लागला की आता उकाडा ओसरणार, असं अरब मानतात. आपल्याकडे त्याच ताऱ्याला अगस्ती म्हणतात. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी तो. माझ्या घरात दोन्ही नावं चालायची. आजोबा सुहैल म्हणत, शेजारचे भंडारी तात्या अगस्ती म्हणत. तो दिसू लागला की पावसाळा सरत आला, होड्या बाहेर काढायची तयारी करा, यावर मात्र दोघांचं एकमत.

बोट झाली, पण भागीदार गळाले. डिसेंबर १९६५ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं दर्बानला पोचेपर्यंत पैसे संपले. तिथे नोकऱ्या धरल्या, पैसे साठवले, मग पुढची वाट. केपटाऊन ते लंडन हा टप्पा त्यांनी कुठेही न थांबता ७४ दिवसांत केला. बोट सावकाश चालते, पण भरवशाची आहे, हे त्या फेरीत कळलं.

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'नं शर्यत जाहीर केली: एकट्यानं, न थांबता, कुणाची मदत न घेता जगाची प्रदक्षिणा. नॉक्स-जॉन्स्टनला यासाठी मोठी, पोलादी, नवी बोट हवी होती. त्यासाठी सुहैली विकायची तयारी होती. गिऱ्हाईक मिळालं नाही. पैसे देणारा आश्रयदाताही मिळाला नाही. शेवटी आहे त्याच बोटीवर जायचं ठरलं. तिच्यात पंधराशेच्या वर अन्नाचे डबे भरले, बटाटे-कांदे भरले, तीन हजार सिगारेटी भरल्या. वाऱ्यावर चालणारं, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र बसवलं. संदेश पाठवायला रेडिओ बसवला. बोट इतकी लादली गेली की पाण्यात बसली. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फालमथ बंदरातून ती निघाली.

पहिल्या महिना-दीड महिन्यातच, केप व्हर्द बेटांच्या आसपास, बोटीत पाणी येऊ लागलं. दिवसातून दोन-दोनदा पंप मारायची पाळी आली. डोळ्याला काच लावून त्यानं बुडी मारली तर तळाशी, कण्याच्या वरच्या सांध्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांची फट. बोट हलली की फट उघडायची, मिटायची. जमिनीवर असता तर कापूस ठासून, वर लुकण भरून तासाभरात काम झालं असतं. लाटांखाली श्वास कोंडून हातोडा मारायचा तर ठोसा बसतच नाही. मग त्यानं कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून घेतला, त्यावर डांबर चोपडलं आणि ती पट्टी एकेका श्वासाला तांब्याची एकेक चूक मारत फटीवर बसवली. गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून गडद शर्ट नि पँट घालून हे काम चाललं होतं. तरी एक शार्क आलाच. तो वर चढून बसला, वाट पाहिली, बंदुकीनं त्याला मारलं आणि पुन्हा पाण्यात उतरला. कापसाच्या पट्टीवर संरक्षण म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. हा पत्रा आला कुठून? रेडिओ बसवायला आलेले लोक उरलेला तुकडा बोटीवरच ठेवून गेले होते.

रेडिओ मात्र पुढे मुका झाला. सप्टेंबरमध्ये आफ्रिकेच्या खाली एका लाटेनं बोट आडवी केली, केबिन जागची हलली, टाक्यांतलं गोडं पाणी नासलं. संदेश पाठवणारं यंत्र बंद पडलं. ऐकण्याचं तेवढं चालू राहिलं. म्हणजे हा गृहस्थ जगातला सगळ्यात एकटा श्रोता झाला. डिसेंबर १९६८ मध्ये तीन माणसं चंद्राभोवती फिरून आली. त्यांचं बोलणं सगळी पृथ्वी ऐकत होती, आणि चंद्राची ती बातमी पॅसिफिकमध्ये बसून ऐकणारा हा माणूस जिवंत आहे की नाही हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. न्यूझीलंडनंतर साडेचार महिने त्याचा पत्ता नव्हता. सुकाणू धरणारं यंत्रही मोडलं होतं. पुढे शिडं अशी बांधायची की बोट आपली आपण वाट धरील, या जुन्या युक्तीवर निम्मं जग पार पडलं. लांब कण्याची बोट असेल तरच ही युक्ती चालते. टपालात चुकून आलेला जुना आराखडा इथे कामी आला.

२२ एप्रिल १९६९ ला तो फालमथला परतला. कस्टमचे अधिकारी बोटीवर चढले आणि नियमाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? तो म्हणाला, फालमथहून.

तीस हजार सागरी मैल, ३१२ दिवस. हिशेब केला तर ताशी चार मैल, आपल्या साडेसात किलोमीटरच्या आसपास. शाळेत सायकलवर जाणारा मुलगा याहून वेगानं जातो. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोचला हा एकटा. वेगवान बोटींचं काय झालं? मुआतेस्ये हा फ्रेंच नाविक बक्षिसाला पाठ दाखवून ताहितीला निघून गेला. टेटलीची बोट, पाठीमागून क्रोहर्स्ट येतोय या धास्तीनं दामटताना, घर जवळ आलेलं असताना बुडाली, तो वाचला. आणि तो क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच फिरत खोटे मुक्काम कळवत होता. त्याची रिकामी बोट तेवढी सापडली. सर्वांत वेगवान फेरीचं पाच हजार पौंडांचं बक्षीस नॉक्स-जॉन्स्टननं क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

आता पुन्हा संग्रहालयाकडे. तिथल्या लोकांना मी दोष देत नाही. कागद, कापड, धातू, सगळ्यांना कोरडी हवा मानवते. लाकडी बोट मात्र पाण्यानं फुगलेल्या फळ्यांवर उभी असते. फळी फुगते, शेजारच्या फळीवर दाब देते, मधला कापूस आवळला जातो आणि पाणीच पाण्याला आत येऊ देत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने होड्या झावळ्यांखाली झाकून किनाऱ्यावर असतात. पुन्हा काढताना आमचे लोक होडी एकदम खोल पाण्यात नेत नसत. खाडीत उथळ जागी नेऊन दोन-तीन दिवस चक्क बुडू देत. तिला पाणी पाजणं म्हणत. मग उपसायची. तोवर फटी आपोआप मिटलेल्या असत.

सुहैली दुरुस्त झाली आणि जून २००५ मध्ये इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाला फेरी घालणाऱ्या शर्यतीत उतरली. पुढे तिचे गंजलेले लोखंडी खिळे काढायचं काम निघालं, आणि त्या कामात सत्तरी ओलांडलेल्या मालकाचे स्वतःचे हात होते. जुन्या बोटीची मालकी ही अशी असते. बोट कधी 'झाली' म्हणून हात धुता येत नाहीत. १४ जून २०१८ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, ती फालमथमधून पुन्हा शिडं उभारून बाहेर पडली.

त्याच वर्षी त्या शर्यतीची नवी आवृत्ती झाली. नियम मोठे मजेचे: बोट लहान, लांब कण्याची, तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा. दिशा शोधायला कागदी नकाशे आणि सेक्स्टंट. आपला अभिलाष टॉमी, ज्यानं २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून 'म्हादेई'तून एकट्यानं न थांबता जगप्रदक्षिणा केली होती, तो सुहैलीच्याच आराखड्यावर बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरला. ही बोट गोव्यातल्या गोदीत २०१७ मध्ये तयार झाली. मुंबईची लेक आणि गोव्याची नात, असं माझ्या मनानं नातं जोडलं. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं थुरिया उलटली, डोलकाठ्या मोडल्या, अभिलाषचे मणके मोडले. तीन दिवस तो बिछान्यावरून हलू शकला नाही. फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजानं त्याला सोडवलं. बोट तिथेच सोडून द्यावी लागली. ती शर्यत ७३ वर्षांच्या एका फ्रेंच नाविकानं जिंकली, हेही सांगून ठेवतो.

पाठीत धातूच्या सळ्या घेऊन अभिलाष २०२२ मध्ये पुन्हा निघाला, 'बयानात' नावाच्या बोटीवर. बयान शब्द मराठीला नवा नाही, त्याचंच हे अनेकवचन. आजच्या अरबीत त्याचा अर्थ माहिती, आकडेवारी. वाटेत सुकाणू धरणाऱ्या यंत्राची पाती मोडत गेली, तेव्हा त्यानं बोटीतल्या संडासाचं दार कापून पातं केलं. २३६ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये, तो दुसरा आला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. सोळांपैकी नियमात राहून पोचले फक्त तिघे.

आता माझी चूक. आमच्या चाचांचा एक मचवा होता, सागवानी. चाचा गेले तेव्हा चुलतभाऊ आखातात, मी शहरात नोकरीला. मचव्याचं काय करायचं, असं गावाहून विचारणं आलं. मी लिहिलं, चाचांची आठवण आहे, नीट झाकून ठेवा. लोकांनी नीट झाकला. वर पत्रे टाकले, खाली दगड लावले, तीन वर्षं त्याला थेंब लागू दिला नाही. मी त्यावर एक कविताही लिहिली. ती संमेलनात चांगली गेली. चौथ्या वर्षी मचवा खाडीत लोटला तर फळीफळीतून उजेड दिसत होता. पाणी पाजून पाहिलं. फुगल्या त्या फळ्या फुगल्या, बाकीच्या चिरल्या होत्या. तात्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "भाईजान, एक वर्ष जरी कुणाला चालवायला दिला असता ना..."

चांगल्या निघाल्या त्या फळ्यांचं घराच्या मागच्या पडवीला दार केलं. दर मृगाला ते फुगतं. आमची बेगम कुरकुरते, सुताराला बोलवून रंधा मारून घ्या म्हणते. मी घेत नाही. दिवाळीपर्यंत खांदा लावूनच ते उघडावं लागतं.